स्कूबा करताना भाऊ गेला, फॉर्मवर त्याचीच सही आहे. दावा होतो का?

लाखांदूर तालुक्यातल्या एका थोरल्या भावाने हा प्रश्न विचारला आहे. त्यांचा चोवीस वर्षांचा, गॅरेजवर कमावणारा अविवाहित लहान भाऊ दिवाळीनंतर चार मित्रांसोबत मालवणला गेला. माणशी दीड हजार रुपये भरून पाचही जणांनी स्कूबा केला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरले. हा पोरगा सात-आठ मिनिटांतच वर आला, बोटीत ओढून घेईपर्यंत तोंडाला रक्ताचा फेस आला होता, आणि दवाखाना गाठण्याआधीच तो गेला. तिथल्या पोलिसांनी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला. स्कूबाचा धंदा चालवणारा चालक म्हणतो, ‘माझ्या जबाबदारीवर उतरतो’ या फॉर्मवर त्याची सही आहे. तो घाबरला, दम कोंडून वर पळाला, आमचा काय संबंध? घरच्यांना आणखी एक गोष्ट आतून खाते आहे. लहानपणी त्याला दमा होता आणि फॉर्मवर त्याने दम्यापुढे ‘नाही’वर खूण केली होती. गावात लोक म्हणतात, जायला सांगितलं कोणी होतं? भाऊ विचारतात: काही करता येतं का, आणि दम्याचं सांगायचं की झाकायचं?

भाऊ, मी भंडाऱ्याला बावीस वर्षं वकिली करतो, बहुतेक अपघात आणि विम्याची प्रकरणं. वैनगंगेच्या काठचा, ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचा आहे. आठ वर्षांपूर्वी पाण्याखालच्या अपघाताचं पहिलं वकीलपत्र घेतलं, तेव्हा समोरचे वकील रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण), बीसीडी (हवा भरायचं-सोडायचं जॅकेट) असे शब्द टाकू लागले आणि मला उलटतपासणीत एक प्रश्न धड विचारता येईना. त्या उन्हाळ्यात मी स्वतः पाण्यात उतरलो, आधी पर्यटक म्हणून, मग ‘ओपन वॉटर’ हा स्कूबा शिकण्याचा पूर्ण कोर्स केला. म्हणून जे सांगतो ते दोन्हीकडून पाहून सांगतो.

आधी त्या सहीबद्दल. मी पर्यटक म्हणून गेलो तेव्हा फॉर्म मिळाला तो जेटीवर. माणसं अकरा, पेन एक. दोन पानं, बारीक इंग्रजी. बोटवाल्याने इंजिन सुरू केलं होतं आणि ‘चला चला, भरती लागते’ म्हणून घाई चालली होती. माझ्या पुढे उभ्या बाईंना त्यांच्या मुलाने सांगितलं, ‘आई, सगळीकडे नो कर.’ त्यांनी पेन उभा ओढत सगळ्या चौकोनांत एकामागे एक खुणा केल्या. प्रश्न काय होते ते त्यांनी वाचलं नाही, कोणी वाचून दाखवलंही नाही. फॉर्म गोळा करणाऱ्या मुलाने सही आहे की नाही एवढंच पाहिलं. तुमच्या भावाचा फॉर्म कसा भरला गेला हे मला माहीत नाही, पण त्याच्या चारही मित्रांना वेगवेगळं बसवून पहिला प्रश्न हाच विचारा.

कायद्यात त्या सहीची किंमत किती? जीव गेल्याची जबाबदारी करारातून झटकता येणार नाही असं एका ओळीत सांगणारा कायदा इंग्लंडमध्ये १९७७ पासून आहे. आपल्याकडे तशी ओळ नाही, म्हणून चालक ‘सही आहे’ एवढ्यावर अडून बसतात. पण आपल्याकडे दुसऱ्या वाटा आहेत. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २३ सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल ठरवतं. कलम २८ न्यायालयात जाण्याचा हक्कच काढून घेणारी अट मानत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अन्यायकारक करार’ ही कल्पनाच वेगळी दिली आहे. आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसताना लादलेल्या अटी टिकत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सांगून ठेवलं आहे. माझ्या वाचनाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे त्या सहीने तुमच्या भावाने एवढंच पत्करलं: समुद्र आहे, लाट येईल, कान दुखेल, मासा चावेल. खराब रेग्युलेटर, अर्धी भरलेली टाकी, एका प्रशिक्षकाच्या गळ्यात दोन नवखे, हे त्याने पत्करलं नाही. ते त्याला कोणी सांगितलंही नव्हतं.

एक निकाल लक्षात ठेवा. कोवळमला केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या हॉटेलात २००६ साली एक पाहुणा पोहण्याच्या तलावात बुडून गेला. तिथे जीवरक्षक होता, पण त्यालाच बारमध्ये दारू देण्याचं कामही लावलेलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये साडेबासष्ट लाखांची भरपाई कायम झाली. स्कूबाच्या प्रकरणात मला हा निकाल सर्वात जवळचा वाटतो, कारण प्रश्न तोच आहे: ज्याच्या भरवशावर माणूस पाण्यात उतरला, त्याचे हात त्या वेळी मोकळे होते का? मालवणच्या पद्धतीत नवख्याला पोहावं लागत नाही. प्रशिक्षक मागून त्याची टाकी धरून त्याला नेतो, त्याच्या जॅकेटमध्ये हवा भरतो-सोडतो. म्हणजे किती खोल जायचं आणि किती वेगाने वर यायचं हे त्या दोन हातांत असतं. तुम्ही लिहिलं आहे की तुमच्या भावासोबत प्रशिक्षकाकडे आणखी एक मित्र होता. मग शेवटच्या मिनिटाला ते हात कोणाच्या टाकीवर होते, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

आता ‘दम कोंडून वर पळाला’ या म्हणण्याकडे येतो. इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्या भागातल्या पोरांच्या बाबतीत ते वेगळं ठरतं.

आपण बोडी-तलावांवर वाढलेली माणसं. पाच वर्षांचं पोरगं बोडीत उडी मारतं आणि पहिली गोष्ट शिकतं ती म्हणजे दम धरणं. तळातली माती मुठीत धरून वर येण्याची पैज आम्हीही लावत होतो. तिथे दम धरून कितीही खाली गेलं तरी फुप्फुसाला धोका नाही, कारण हवा वरून घेतलेली असते. खाली जाताना ती आकसते आणि वर येताना पुन्हा होती तेवढी होते. स्कूबाचं उलटं आहे. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि रेग्युलेटर त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो. दहा मीटरवर छाती भरून श्वास घेतला आणि तोंड मिटून वर आलं, तर ती हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट होते. फुप्फुस तेवढं ताणत नाही. ते फाटतं, हवा रक्तात शिरते आणि मेंदूकडे जाते. यासाठी फार खोल जावं लागत नाही. दीड मीटरवरूनही हे घडू शकतं. तोंडाला रक्ताचा फेस, वर येताच बेशुद्धी, ही लक्षणं त्याच दिशेला बोट दाखवतात. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, जगात कुठेही, एकच: श्वास कधीही रोखायचा नाही.

म्हणजे जो पोरगा बोडीत सर्वात चांगला पोहणारा, त्याच्या अंगात मुरलेली सवयच त्याचा जीव घेऊ शकते. समोरचे वकील म्हणतील, ‘मृत इसम पट्टीचा पोहणारा होता, त्याने स्वतःहून दम रोखला.’ मी म्हणेन, म्हणूनच त्याला ते आधी काढून टाकायला शिकवणं तुमचं काम होतं. उथळ पाण्यात, उभं राहून, रेग्युलेटर तोंडात घेऊन किती मिनिटं सराव दिला? श्वास चालू ठेवायचा हे त्याला कळेल अशा मराठीत सांगितलं का? घाबरल्याची खूण कोणती, वर यायची खूण कोणती, हे करून घेतलं का? मालवणी मुलगा आणि झाडीपट्टीचा मुलगा दोघेही मराठीच बोलतात, तेव्हा भाषेची सबब इथे नाही. चारही मित्रांकडून बोटीतल्या त्या मिनिटांचा हिशेब घ्या.

आणि घाबरण्याबद्दल. पहिल्यांदा पाण्याखाली गेलेला माणूस घाबरणारच. मी चाळिशी ओलांडलेला, नदीकाठचा माणूस. पहिल्या डुबकीत मास्कमध्ये थोडं पाणी आलं आणि मला सगळं फेकून वर पळावंसं वाटलं. मागच्या हाताने माझं जॅकेट घट्ट धरलं, माझ्या डोळ्यांसमोर बोटं आणून श्वास सोडायची खूण केली. पाच-सहा श्वासांनी मी सावरलो. तो हात नसता तर आज मी हे लिहीत नसतो. नवखा घाबरला ही चालकाची सबब ठरत नाही. नवखा घाबरतो म्हणूनच तर त्याला धरून न्यायचं असतं.

आता दमा. तुम्ही विचारलं, झाकायचं का. नाही. पहिल्या कागदावर, पहिल्या पानावर आपणच लिहायचं.

माझ्याकडे पूर्वी आलेल्या एका प्रकरणात घरच्यांनी मिरगीचा आजार माझ्यापासूनही लपवला होता. दुसऱ्या की तिसऱ्या तारखेला समोरच्यांनी सरकारी दवाखान्यातली ओपीडीची चिठ्ठी काढली. ग्राहक आयोगाच्या अध्यक्षांनी ती वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला एवढंच विचारलं, ‘वकीलसाहेब, तुम्हाला माहीत होतं?’ त्या दिवसापासून आमच्या खऱ्या मुद्द्यांवरही कोणी विश्वास ठेवला नाही. त्या आईचा दावा गेला. चूक चालकाचीही होती, पण ती ऐकून घ्यायला कोणी उरलं नाही.

दम्यात श्वासनलिका आवळतात आणि फुप्फुसात हवा अडकू शकते. वर येताना तीच अडकलेली हवा फुगते. म्हणून आजाराच्या फॉर्मवर दम्याचा प्रश्न असतो, हृदयविकाराचा, मिरगीचा, कानाच्या आजाराचा असतो. (आपल्या भागातल्या लोकांसाठी एक जोड: सिकलसेलचा आजार असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय टाकी पाठीवर घेऊ नका. आपल्याकडे घराघरांत हा आजार आहे आणि सहलीच्या घाईत कोणाच्या लक्षात येत नाही.) प्रश्न त्याला कळेल असा विचारला गेला असेल आणि त्याने जाणूनबुजून ‘नाही’ लिहिलं असेल, तर तो त्याचा हलगर्जीपणा आहे. आयोग तो मोजेल. भरपाई कमी होईल. मृत्यूचं कारण दमाच ठरला तर दावा फेटाळलाही जाईल, हे मला तुमच्यापासून लपवायचं नाही. पण लहानपणी दमा होता, गेली दहा वर्षं पंप लागला नाही, फॉर्म इंग्रजीत होता आणि दोन मिनिटांत भरून घेतला, हे जर खरं असेल तर चित्र पालटतं. दोघांची चूक असली तर कोणाची किती हे ठरतं. एकाची चूक दुसऱ्याची पुसून टाकत नाही.

पुरावा. चार महिने गेले आहेत, तेव्हा इथे दिरंगाई नको. मालवणला स्कूबासोबत पाण्याखालचं शूटिंग करून देतात. तुमच्या भावाचं शूटिंग झालं असेल तर ते या प्रकरणातलं सर्वात मोठं साक्षीदार आहे. मित्रांच्या मोबाईलवर आलेली फाईल पुढे पाठवत बसू नका. ज्या फोनवर पहिल्यांदा आली तो फोन तसाच जपून ठेवा. अशी फाईल पुराव्यात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते मी करून घेईन. मूळ फाईल चालकाकडे असेल, ती नष्ट करू नये म्हणून आजच स्पीड पोस्टाने नोटीस द्या. टाकी, रेग्युलेटर, जॅकेट पोलिसांनी जप्त केलं का, जप्तीवेळी टाकीत किती दाब शिल्लक होता, हे पंचनाम्यात पाहा. टाकीच्या गळ्याजवळ शेवटच्या चाचणीची तारीख ठोकलेली असते. टाकी भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा धूर त्याच्याच हवेच्या नळीत ओढला जात असेल तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड जातो. त्या हवेची तपासणी झाली नसेल तर तसं लेखी विचारा.

पीएम रिपोर्ट, म्हणजे शवविच्छेदनाचा अहवाल, मला सर्वात आधी दाखवा. ‘बुडून मृत्यू’ एवढंच लिहिलं असेल तर खचू नका. रक्तात शिरलेली हवा साध्या शवविच्छेदनात सहज सापडत नाही, त्यासाठी डॉक्टरांना आधी सांगावं लागतं की हा माणूस टाकीतली हवा घेत होता. तसं कोणी सांगितलं होतं का हेही विचारायचं आहे. छातीच्या पोकळीबद्दल, फुप्फुसांबद्दल रिपोर्टमध्ये जे शब्द असतील त्यावर न्यायवैद्यक तज्ज्ञाचं मत घेता येतं.

चालकाच्या परवान्याबद्दल माहिती अधिकारात दोन अर्ज टाका. राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ पासून आहे, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. एक अर्ज तिथे. दुसरा महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, बोटीबद्दल. बोट विसरू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे गेले. ते स्कूबा करताना गेले नव्हते, परतीच्या बोटीत गेले. आपल्या प्रकरणातही बोटीवर ऑक्सिजन होता का, किनाऱ्यावर यायला किती वेळ लागला, हे मोजायचं आहे, कारण अशा रुग्णाला पहिली गोष्ट लागते ती शुद्ध ऑक्सिजन.

दावा कुठे? तुम्हाला मालवणला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे भंडाऱ्याला. दिलेली रक्कम पन्नास लाखांच्या आत असली की जिल्हा आयोग, आणि पाच लाखांच्या आत असली की शुल्क नाही. मागायची भरपाई कितीही असली तरी मोजतात ती दिलेली रक्कम. पैसे एका मित्राने सगळ्यांसाठी भरले असले तरी ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही ग्राहकच. मुदत दोन वर्षांची आहे.

तक्रारदार मात्र तुम्ही नाही, तुमची आई. अविवाहित मुलाची पहिल्या वर्गाची वारस आईच. वडीलही नंतर आणि भाऊ त्याच्याही नंतर. आईंना सही येत नसेल तर अंगठा चालतो. आणि बाई म्हणून त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही. माझ्याकडे या किंवा तिकडे जा, पण पैशासाठी थांबू नका.

पोलीस. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या कायद्यात दोनच होती. मर्गच्या चौकशीत हलगर्जीपणा दिसला तर गुन्हा नोंदवता येतो. तुमच्या गावच्या ठाण्यातही फिर्याद देता येते, ती पुढे तिकडे वर्ग होते. ठाणेदार नाही म्हणाले तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. एक विनंती आहे. फिर्यादीत राग त्या प्रशिक्षक पोरावर एकट्यावर काढू नका. तोही कोळ्याचा मुलगा, रोजावर राबणारा. दोन नवखे त्याच्या हाती देणारा मालक, बोटीत ऑक्सिजन नसेल तर बोटीचा मालक, आणि पॅकेज विकून कमिशन घेणारा एजंट, हे तिघे कागदावर आले पाहिजेत. नोकराच्या चुकीला मालक जबाबदार असतो, तेव्हा पैसेही तिथूनच येतील.

भरपाईचा अंदाज. मोटार अपघाताचं सूत्र इथेही आधार म्हणून वापरतात. चोवीस वर्षांच्या वयाला गुणक १८. गॅरेजमधून महिना १५,००० मिळत होते असं दाखवता आलं तर वर्षाचे १,८०,०००. पुढच्या वाढीचे चाळीस टक्के धरून २,५२,०००. अविवाहित म्हणून निम्मे वजा, राहिले १,२६,०००. गुणिले १८ म्हणजे २२,६८,०००. त्यातून त्याच्या चुकीचा वाटा वजा होईल. ग्राहकांच्या उधारीची वही, यूपीआयचं स्टेटमेंट, सुट्या भागांची बिलं, जे असेल ते शोधा.

विमा वेगळा, तो कोणाची चूक किती या हिशेबात अडकत नाही. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर सुरक्षा विमा, ४३६ कापले जात असतील तर जीवन ज्योती. दोन्ही दोन-दोन लाखांचे. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे योजनेत दोन लाख मिळतात आणि पाण्यात बुडून मृत्यू त्या यादीत आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. त्याची मुदत तीस दिवसांची असते. अर्ज राहिला असेल तर उशिराचं कारण लिहून उद्याच द्या. नाही म्हणायचं तर त्यांना लेखी म्हणू द्या. आणि ज्यांचे लोक जखमी होऊन वाचले आहेत त्यांनी हे वाचावं: आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत साहसी खेळांची जी वगळणी आहे, ती व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. दीड हजार देऊन एकदा उतरलेला पर्यटक व्यावसायिक नाही. त्या कारणाने दावा नाकारला तर पॉलिसीतली ती ओळ काढून वाचा.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे, ‘सहलीचे पैसे मीच दिले होते.’ कोणताही आयोग तुम्हाला हे विचारणार नाही, आणि गावात कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

येताना आईला सोबत आणा. मर्गचे कागद, पीएम रिपोर्ट, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, ज्यावर व्हिडिओ आला तो फोन, गॅरेजची वही. आणि घरात कुठे पेटीत, फडताळात असेल तर त्याच्या लहानपणची दम्याची फाईल. ती सर्वांत वर ठेवा.